मैदान मोकळं दिसतंय, मग छोटं विमान उलटतं कसं?

प्रश्न असा आहे: खाली एवढं मोकळं सपाट रान असतं, विमान छोटं, उतरतानाचा वेगही हायवेवरच्या मोटारीएवढाच, तरी शेतात किंवा कुरणात उतरलेलं विमान नाक घासून थांबतं नाहीतर सरळ पाठीवर पडतं, असं का होतं? आणि पायलटने अजून लांब जागा निवडली असती तर वाचलं असतं का?

मी बरीच वर्षं सिंगल इंजिन विमानांवर शिकवतोय आणि त्यातली पुष्कळ लँडिंग गवताच्या पट्टीवरची आहेत, त्यामुळे या विषयावर माझी मतं जरा ठाम आहेत, आधीच सांगून ठेवतो. लांबीचं सगळे पहिल्यांदा विचारतात, मला तो तिसरा चौथा प्रश्न वाटतो. पहिला प्रश्न हा की टेकताना जमिनीच्या हिशोबाने तुमचा वेग किती होता, आणि दुसरा हा की ती जमीन तुमच्या चाकाला पेलते का. लांब पण भुसभुशीत शेत आणि आखूड पण कडक कुरण यातलं काय निवडाल असं विचारलं तर मी बहुतेक वेळा कुरणच घेईन.

आधी चाकाचं बघू, कारण उलटण्याचं मूळ तिथे आहे. सेसना १७२एस घ्या, जगभर शिकवायला हेच विमान वापरतात. नाकाच्या चाकात हवा भरतात ४५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, दाबाचं माप) आणि मागच्या दोन मोठ्या चाकांत ४२. टायर जमिनीवर जो दाब देतो तो ढोबळमानाने आतल्या हवेच्या दाबाएवढाच असतो, म्हणजे जमीन तेवढा दाब सोसू शकत नसेल तर चाक आत जाणारच, आत गेलं की टेकायला जास्त भाग मिळेल आणि मग कुठेतरी थांबेल. डांबरी धावपट्टीला याचं काहीच नाही. पण ओल्या नांगरटीत नाकाचं छोटं चाक नांगराच्या फाळासारखं घुसतं, वर ब्रेक दाबलेला असतो, ब्रेक दाबला की वजन पुढे येतं, वजन पुढे आलं की तेच चाक अजून खोल जातं. आता १७२ चा नाकाचा पाय कुठे बसवलेला असतो तर फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याच्या भिंतीला. पाय मागे दुमडला की ती भिंत चुरगळते. प्रोपेलरचं टोक नेहमीच जमिनीपासून जेमतेम ११ इंच वर असतं, ते जमिनीत जातं, मग नाक रुततं आणि मागची शेपटी वर उठायला लागते. तोपर्यंत विमानाचा वेग बराच कमी झालेला असतो, म्हणून ते उलटणं बाहेरून बघणाऱ्याला अगदी सावकाश वाटतं, शेपटी उभी राहते, क्षणभर थांबल्यासारखी होते आणि पलीकडे जाते.

टेलव्हीलवाल्यांनी, म्हणजे ज्यांच्या विमानाचं तिसरं चाक शेपटीखाली असतं त्यांनी, यावर खूश होऊ नये. त्यांचा नाकाचा पाय नसतो हे खरं, पण मुख्य चाकं गुरुत्वमध्याच्या पुढे असतात, चाकं अडकली की अख्खं विमान त्यांच्यावरून पुढे जायला बघतं, जोरात ब्रेक मारला तरी तेच. दुर्गम भागात नदीच्या वाळूवर आणि गोट्यांवर उतरणारे पायलट टेलव्हील वापरतात ते प्रोपेलर उंच राहतो म्हणून आणि नाकाचा नाजूक पाय नको म्हणून, आणि त्याला २६ किंवा ३१ इंची फुगीर टायर लावतात ज्यात हवा अगदीच कमी ठेवतात. कमी दाब म्हणजे जमिनीवर कमी दाब, एवढंच त्यातलं गणित आहे. ते व्हिडिओ बघून आपल्या साध्या टायरवाल्या ट्रेनर विमानात तसंच करायला जाणारे असतात, आणि त्यांच्या चाकांवर वरून फायबरची टोपणं पण असतात, ज्याला व्हील पँट म्हणतात. चिखलात ती टोपणं आतून गच्च भरतात आणि चाक फिरायचंच थांबतं. ओल्या पट्टीवर नियमित जायचं असेल तर ती काढून ठेवा, दोन तीन नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल, साधारण १.८५ किलोमीटर) वेग कमी होईल, होऊ दे.

आता वेग. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं, पण शेत निवडताना कोणाला आठवत नाही. समजा तुम्ही ५० नॉटने टेकता. समोरून १० नॉट वारा असेल तर जमिनीच्या हिशोबाने ४०, तोच वारा पाठीमागून असेल तर ६०. आकड्यात फरक वीसचा दिसतो, ऊर्जा मात्र सव्वा दोन पट होते. तेच विमान, तेच शेत, तोच पायलट, फक्त उतरायची दिशा उलटी. म्हणून शेत शोधायच्या आधी वारा शोधा असं मी कंठ सुकेपर्यंत सांगतो. धूर, पाण्यावरच्या लाटा, पिकावरून जाणारी सळसळ, ढगाच्या सावल्या, काहीतरी सापडतंच, आणि काहीच नाही सापडलं तर निघतानाचा वारा लक्षात असायला हवा. सावलीवरून मात्र वरच्या वाऱ्याची दिशा कळते, खालचा थोडा वेगळा असू शकतो.

आणि दुसरा एक हिशोब, जो ऐकून विद्यार्थ्यांचा विश्वास बसत नाही. छोट्या विमानांच्या सीट आणि पट्टे पुढच्या दिशेने ९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या नऊ पट) पर्यंतचा झटका सोसतील असे करायचे हा जुना प्रमाण नियम आहे. ४५ नॉटवरून एकसारख्या ९ जी ने थांबायचं तर जागा लागते फक्त तीन मीटर. ९० नॉटवरून तेच करायचं तर बारा मीटर. म्हणजे जीव वाचवायला खरं तर खूप लांब जागा लागतच नाही, लागतो तो कमी वेग आणि तो वेग एका फटक्यात न जाता थोडा पसरून जाणं. कुंपण मोडलं, पंखाचं टोक झुडपात गेलं, चाकं तुटून मागे राहिली, यातल्या प्रत्येक गोष्टीने थोडी थोडी ऊर्जा खाल्ली आणि माणसं मधल्या पिंजऱ्यात शाबूत राहिली तर ते चांगलं लँडिंग आहे, विमान भंगारात गेलं तरी. याच्या उलट दगडी बांधावर किंवा ओढ्याच्या काठावर साठ नॉटने नाक आपटलं तर पुढे किलोमीटरभर मोकळं मैदान असून त्याचा उपयोग शून्य.

यावरूनच लांब शेताचा मोह का घातक ते कळेल. एक तर ते लांब शेत बहुतेक वेळा जरा दूर असतं. १७२ चा ग्लाइड (इंजिनशिवाय तरंगत पुढे जाणं) साधारण नऊला एक, म्हणजे हजार फुटातून दीड नॉटिकल मैल, तेही वारा नसताना आणि वेग बरोबर धरला तर. दूरच्या शेतापर्यंत पोचत नाही असं दिसायला लागलं की हात आपोआप योक (विमानाचं हँडल) मागे ओढतो, नाक वर जातं, वेग पडतो, आणि खराब जमिनीवर नीट उतरण्याऐवजी दोनशे फुटांवर स्टॉल होतो, म्हणजे पंखांची उचल तुटून विमान खाली पडतं. अशा अपघाताला अयोग्य जमिनीवरचं लँडिंग म्हणणंसुद्धा बरोबर नाही, पण बातमीत शेतात विमान कोसळलं एवढंच येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं शेतच वाईट होतं. दुसरं असं की लांब जागा दिसली की पायलट सुस्तावतो, दहा नॉट जास्त घेऊन येतो, विमान तरंगत राहतं आणि शेवटी पलीकडचं कुंपण येतं.

मग वरून जमीन वाचायची कशी. तीन हजार फुटांवरून आकार, रंग आणि मोठे अडथळे दिसतात, बाकी काही दिसत नाही. हजारावर आलात की कुंपणं आणि गुरं दिसतात. पाचशेवर खांब दिसतात, तारा तरीही दिसत नाहीत, म्हणून तार शोधायची नाही, खांबांची रांग शोधायची आणि दोन खांबांमध्ये तार आहेच असं धरून चालायचं, एकटं घर दिसलं तर त्याच्याकडे एखादी लाइन जात असणारच. सऱ्या, बिळं, चाकोऱ्या, ढेकळं हे सगळं शंभर फुटांच्या खाली दिसतं, तेव्हा दिसून काही करता येत नाही. ग्लायडरवाले याबाबतीत आपल्यापेक्षा हुशार आहेत कारण त्यांना बाहेरच्या शेतात उतरायची सवयच असते, त्यांच्यात एक नियम आहे की वरून उतार दिसत असेल तर तो उतार उतरायला जास्तच आहे. वरून जमीन चपटी दिसते, त्यामुळे जो उतार वरूनही नजरेत भरतो तो खाली गेल्यावर टेकडी निघतो.

उतार असेलच तर चढाच्या दिशेने उतरायचं, थोडा वारा पाठीवर घ्यावा लागला तरी. यात एक फसवणूक आहे ती माहीत हवी. चढाचं शेत समोर उभं राहिल्यासारखं दिसतं, त्यामुळे आपण फार उंच आलोय असं वाटतं आणि माणूस खाली खाली येत अलीकडच्याच बांधाला धडकतो. उताराच्या शेतात उलटं, आपण खाली आहोत असं वाटतं, मग उंच येतो, आणि फ्लेअर केल्यावर (टेकायच्या आधी नाक उचलून वेग मोडल्यावर) जमीन खालून निसटत राहते, टेकतच नाही.

रंगाचं मी जरा जास्त सांगतो कारण इथे शेतीची थोडी समज असली की फार फायदा होतो. आजूबाजूच्यापेक्षा गर्द हिरवा पट्टा म्हणजे तिथे पाणी आहे, सखल भाग आहे, चाक जाणार. एकसारखा फिकट पिवळा, कापणी झालेला, नुसती धसकटं उरलेला तुकडा मिळाला तर तो सोन्यासारखा, जमीन सहसा बसलेली असते आणि उंची कमी. गडद तपकिरी म्हणजे ताजी नांगरट, वाफसा असो वा नसो, टाळता आली तर टाळायची, नाही टाळता आली तर सऱ्यांच्या बाजूने, कधीच आडवं नाही. वारा सऱ्यांना आडवा असेल तरी सऱ्याच धरायच्या, क्रॉसविंडमध्ये पंख खरवडेल पण प्रत्येक वरंब्यावर आपटत जाणं त्याहून वाईट. उभ्या उंच पिकात जायची वेळ आली तर पिकाचा शेंडा हीच जमीन समजून तिथे फ्लेअर करायचा, अगदी कमीत कमी वेगाला. शेंड्यांनी चाकं धरली की विमान फार पटकन थांबतं आणि वेग शिल्लक असेल तर उलटतं. झाडीचंही तत्त्व तेच, शेंड्यांच्या पातळीवर हळू आणि नाक थोडं वर ठेवून, दोन्ही पंख एकाच वेळी लागतील असं, आणि उंचावरून स्टॉल करून आत पडायचं नाही.

ओलं गवत हे माझं खास नावडतं आहे. कारण ते दिसायला सगळ्यात सुंदर आणि सगळ्यांना वाटतं गवत तर मऊ असतं, विमान आपोआप थांबेल. ओल्या गवतावर ब्रेक लागतच नाही म्हटलं तरी चालेल, चाक जाम होतं आणि घसरत जातं, आणि सगळ्यात वाईट असतं आखूड कापलेलं ओलं गवत, खालची जमीन कडक, वर पाण्याचा आणि चिरडलेल्या गवताच्या रसाचा थर. इथे थोडे आकडे देतो. यूकेच्या सिव्हिल एव्हिएशन अथॉरिटीने छोट्या विमानांसाठी जे गुणक दिलेत त्यात वीस सेंटिमीटरपर्यंतच्या कोरड्या गवतावर लँडिंगचं अंतर १.१५ पट, ओल्यावर १.३५ पट, आणि फार आखूड ओल्या गवतावर १.६ पटीपर्यंत धरा असं आहे. दोन टक्के उतार खाली असेल तर १.१०, लँडिंगच्या वेगाच्या दहा टक्के वारा पाठीवर असेल तर १.२०. गंमत अशी की हे एकमेकांत मिळवायचे नसतात, गुणायचे असतात. सेसना १७२एस समुद्रसपाटीला, पन्नास फुटांच्या अडथळ्यावरून येऊन थांबेपर्यंत १३३५ फूट घेतं असं तिच्या पुस्तकात आहे, ४०० मीटर धरा. ओलं गवत, थोडा उतार, थोडा मागून वारा, झाले ७१० मीटरच्या वर. त्यावर तीच अथॉरिटी सुरक्षेसाठी अजून १.४३ ने गुणा म्हणते, झाला एक किलोमीटर! आणि पुस्तकातला आकडा कंपनीच्या टेस्ट पायलटने नव्या विमानावर नवे ब्रेक लावून काढलेला असतो. सहाशे मीटरचं कुरण बघून भरपूर आहे म्हणणाऱ्या माणसाला मी आधी हा गुणाकार कागदावर करायला लावतो.

गवताच्या उंचीचा पण एक अंगठेनियम आहे, चाकाच्या व्यासाच्या तीस टक्क्यांपेक्षा उंच गवत नको. १७२ चं नाकाचं चाक साधारण ३५ सेंटिमीटरचं, म्हणजे दहा सेंटिमीटर, चार बोटं आणि थोडं वर. आपण रोज ज्याला आखूड गवत म्हणतो ते याच्यापेक्षा उंच असतं.

समुद्रकिनारा. लोकांना वाटतं निसर्गाने बांधलेली धावपट्टी. भरतीच्या रेषेच्या वरची कोरडी वाळू विसरायची, त्यात चाक थेट गाडलं जातं. पाणी नुकतं ओसरलेला ओला पट्टा कडक असतो, पण तो अरुंद असतो, समुद्राकडे कललेला असतो, आणि मध्ये मध्ये भरतीच्या पाण्याने कापलेल्या चरी असतात ज्या शेवटपर्यंत दिसत नाहीत. शिवाय तिथे माणसं असतात आणि इंजिन बंद विमानाचा आवाज येत नाही. माणसं असतील तर मी पाण्यात जाईन, यावर चर्चा नाही. सुकलेलं तळं आणि मिठागरासारखी पांढरी सपाट जमीन यांचं दुखणं वेगळं, वर पापुद्रा कडक आणि खाली चिखल, पाऊस होऊन किती दिवस झाले त्यावर सगळं, आणि एकसारख्या पांढऱ्या पृष्ठभागावर उंचीचा अंदाज येत नाही, बर्फावरही हेच. रस्ता दिसायला चांगला पण दोन्ही बाजूंना खांब, पाट्या, वर तारा, आणि १७२ चे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११ मीटर, रस्त्याची एक लेन साडेतीन मीटर. रिकामा सरळ महामार्ग असेल तर ठीक, वाहतुकीच्याच दिशेने, नाहीतर शेजारचं शेत बरं.

गोल्फ कोर्स हा प्रकार वस्तीत असला तर देव पावला समजायचं. २०१५ च्या मार्चमध्ये नट हॅरिसन फोर्ड १९४२ सालचं रायन पीटी-२२ घेऊन सांता मोनिकाहून उडाला आणि लगेच इंजिनची ताकद गेली, परत धावपट्टीवर यायला उंची पुरली नाही, झाडाच्या शेंड्याला लागून विमान गोल्फ कोर्सवर पडलं. त्याला बरंच लागलं पण तो वाचला. एनटीएसबीच्या (अमेरिकेची अपघात तपास संस्था) तपासात कार्बोरेटरमधला मुख्य जेट (इंधन मोजून सोडणारा छोटा भाग) फिरून सैल झालेला सापडला. मला त्या अहवालातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, खांद्याचा पट्टा नीट बसवलेला नव्हता आणि त्यामुळे इजा वाढली. जुन्या विमानांत खांद्याचे पट्टे मुळात नसायचे, नंतर कोणीतरी बसवलेले असतात. तुमच्या विमानातला पट्टा कुठे आणि कशाला बांधलाय हे एकदा सीटमागे हात घालून बघा. पट्टा नुसता असून चालत नाही, तो ज्या पत्र्याला धरलाय तो पत्रा टिकायला हवा.

आता प्रत्यक्ष वेळ आली तर. इंजिन गेलं की पहिल्या काही सेकंदांत मन हे मान्यच करत नाही, हात चालत नाहीत, आणि नंतर मान्य केलं तरी विमान वाचवायचा हट्ट सुरू होतो. जवळचं बरं शेत सोडून दूरच्या धावपट्टीकडे वळणं हा त्याच हट्टाचा प्रकार. शिकवणारे म्हणतात ना, इंजिन बंद पडलं त्या क्षणी विमान इन्शुरन्स कंपनीचं झालं. हजार फुटांपर्यंत शेत ठरलेलं हवं आणि मग बदलायचं नाही, जवळ गेल्यावर दुसरं चांगलं दिसतंच, दिसू दे. थोडं उंच राहणं बरं, उंची साइडस्लिपने (विमान तिरकं घसरवून) आणि फ्लॅपने (पंखामागच्या खाली वळणाऱ्या झडपांनी) घालवता येते, गेलेली उंची परत येत नाही.

कामांचा क्रम लहान आहे पण त्यात एक खोच आहे. इंधन बंद, मिक्श्चर (इंजिनात जाणारं इंधन आणि हवेचं मिश्रण) कट, मॅग्नेटो (इंजिनला ठिणगी देणारं यंत्र) बंद, हे उतरणं नक्की झाल्यावर. पण विमानाच्या विजेचा मास्टर स्विच लगेच बंद करू नका, १७२ चे फ्लॅप विजेवर चालतात, आधी फ्लॅप पूर्ण खाली आणि मग मास्टर. दारं थोडी उघडून ठेवा, म्हणजे चौकट वाकली तरी दार अडकणार नाही, मध्ये जाकीट किंवा जाडसर काहीतरी घाला. पट्टे इतके आवळा की नको वाटेल. मुख्य चाकं आधी टेकवा, योक पोटापर्यंत मागे ओढलेलाच ठेवा, टेकल्यावरही, शेवटपर्यंत, नाकाच्या चाकावरचा भार जेवढा उशिरा येईल तेवढं बरं. मऊ जमिनीत ब्रेकला पाय लावू नका, माती स्वतःच थांबवते.

आणि उलटलंच तर घाई करू नका, आग नसेल तर. हे कोणी शिकवत नाही. तुम्ही पट्ट्याला उलटे लटकलेले असता, सवयीने बकल उघडता आणि थेट डोक्यावर पडता, अपघातात काही न झालेल्या माणसाची मान अशी मोडू शकते. एक हात छताला घट्ट टेकवायचा, पाय कुठेतरी अडकवायचे, मग दुसऱ्या हाताने बकल. शेजारच्याला पण हे आधीच सांगून ठेवा. उंच पंखाच्या विमानात टाक्या पंखात असतात, उलटल्यावर त्या खाली जमिनीवर येतात आणि पेट्रोल टोपणातून, व्हेंटमधून ठिबकायला लागतं, म्हणून बाहेर आलात की लांब जा. ईएलटी (अपघातानंतर मदतीचा संदेश पाठवणारं यंत्र) जुना १२१.५ मेगाहर्ट्झचा असेल तर उपग्रह तो १ फेब्रुवारी २००९ पासून ऐकतच नाहीत, ४०६ वाला हवा.

सिरस कंपनीच्या विमानवाल्यांचं वेगळं आहे, त्यांच्याकडे अख्ख्या विमानाचं पॅराशूट असतं, आणि माझं मत म्हणाल तर खाली जमीन खराब असेल आणि उंची पुरेशी असेल तर हँडल ओढावं, मिनिटाला १७०० फुटांच्या आसपास खाली येतं पण पुढचा वेग जवळजवळ नसतो, आणि वर जे वेगाच्या वर्गाचं सांगितलं ते सगळं त्यामुळे बदलतं. माझ्या पिढीचे लोक याला नाकं मुरडतात, मुरडू देत.

आतापर्यंतचं सगळं इंजिन गेल्यावरचं. पण खराब जमिनीवरच्या अपघातांत एक मोठा गट असा आहे जिथे इंजिन उत्तम चालू असतं. त्यात चांगला प्रकार म्हणजे हवामान बंद होतंय किंवा इंधन संपत आलंय म्हणून ताकद हातात असताना एखादं शेत निवडणं, वरून एकदा पाचशेवरून आणि एकदा अजून खालून फिरून बघणं, आणि मग उतरणं. हे लोक करतच नाहीत, लाज वाटते, उद्या सगळे विचारतील म्हणून पुढे रेटतात आणि शेवटी तेच शेत इंजिन बंद असताना, अंधारात, वारा पाठीवर घेऊन मिळतं. वाईट प्रकार म्हणजे हौसेने कोणाच्या तरी शेतातल्या पट्टीवर जाणं, मालक सांगतो जमीन एकदम कडक आहे, आणि मालक ट्रॅक्टरच्या हिशोबाने बोलत असतो. आधी जमिनीवरून जाऊन पट्टी चालत बघा, टाच जोरात मारून बघा, आणि जुना नियम आहे की साधी मोटार तासाला पन्नास किलोमीटरने त्यावरून आरामात गेली पाहिजे, डोकं छताला न लागता.

उतरलात सुखरूप, तर खरा धोका परत उडताना आहे, आणि हे कोणाच्या ध्यानात नसतं कारण उतरल्यावर सुटलो असं वाटतं. जी मऊ जमीन उतरताना फुकट ब्रेक लावत होती तीच आता मागे ओढते. यूकेच्या त्याच गुणकांत टेकऑफला ओलं गवत १.३०, मऊ जमीन १.२५ किंवा जास्त, दोन टक्के चढ १.१०, गुणून पावणे दोन पटीच्या वर, आणि सुरक्षेचे १.३३ धरले तर जवळपास दोन पॉइंट चार पट. माणसं आणि सामान उतरवा, इंधन काढा, जमीन सुकू द्या, पट्टीच्या मध्यावर काहीतरी खूण ठेवा आणि तिथपर्यंत उडायच्या वेगाच्या सत्तर टक्के आले नाहीत तर थ्रॉटल बंद. आणि लँडिंगमध्ये प्रोपेलर गवताच्या गड्ड्याला, पाण्याला किंवा मातीला लागून आरपीएम पडले असतील तर तो प्रोपस्ट्राइकच, इंजिन बनवणाऱ्या लायकमिंगच्या बुलेटिनमध्ये तसं स्पष्ट आहे, पातं सरळ दिसतंय म्हणून भागत नाही, इंजिन आतून तपासावं लागतं. ते तपासल्याशिवाय उडवत घरी आणायचा विचार कोणी मांडला तर पंख काढून ट्रेलर मागवा, मालक कितीही कुरकुरला तरी.